पहिली नक्षीदार चामड्याची पेटी : कातडं निवडण्यापासून झाकण बसवण्यापर्यंत

चामड्याची पहिली पेटी बिघडते ती बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. नक्षी ठोकली की कातडं थोडं पसरतं, म्हणून आधी मापात कापलेलं झाकण नंतर मापात राहत नाही. शिवून झाल्यावर रंग लावला तर दोरा डागाळतो. कोरड्या कातड्याची घडी घातली तर दाणा, म्हणजे कातड्याची वरची गुळगुळीत बाजू, तडकतो. टाके नवशिक्याचेही दोनचार तासांच्या सरावाने सरळ येऊ लागतात. क्रम मात्र आधीच ठाऊक असावा लागतो. म्हणून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच ओळीने करा.

पेटीचं बाहेरचं माप १५० × १०० मिमी, उंची ६० मिमी. झाकण वरून बसणारं आणि उचलून काढायचं, काठ २५ मिमी. पहिल्या पेटीला बिजागरी लावू नका. बिजागरी आली की मागची भिंत आणि झाकण यांना तिळभरही इकडेतिकडे व्हायला जागा उरत नाही, आणि तेवढा नेमकेपणा पहिल्या कामात येत नाही. तळ आणि चारही भिंती एकाच तुकड्यातून, अधिकच्या चिन्हाच्या आकारात कापायच्या. म्हणजे शिवायला फक्त चार उभे कोपरे राहतात. झाकणही तसंच.

कातडं

झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज-टॅन कातडंच घ्या. क्रोमने कमावलेलं कातडं मऊ आणि लवचिक असतं. त्यावर ठसा मारला तरी तंतू परत उसळतात आणि नक्षी तासाभरात पुसट होते. व्हेज-टॅन ओलं असताना दाबलं की दबलेलं राहतं आणि सुकल्यावर त्याच आकारात ताठ होतं. पेटीला नेमके हेच दोन गुण लागतात.

जाडी ३ मिमी. दोन मिमीच्या भिंती हाताच्या दाबाने आत वाकतात. चार मिमीच्या घड्या हाताने नीट बसत नाहीत. तुकडा पाठीच्या किंवा खांद्याच्या भागातला मागा. पोटाकडचं कातडं सैल तंतूंचं असतं, ओलं झाल्यावर वेडंवाकडं ताणतं. ओळखायला तुकडा दाणा आतल्या बाजूला ठेवून हलकेच वाकवा: घट्ट कातड्यावर बारीक सुरकुत्या येतात, सैल कातड्यावर मोठ्या, फुगीर वळ्या. पेटीच्या तुकड्याला २७० × २२० मिमी आणि झाकणाला २५० × २०० मिमी एवढी जागा लागते. सरावाचे आणि रंगाच्या चाचणीचे तुकडे धरून २ चौरस फूट कातडं पुरतं. सगळं एकाच कातड्यातलं असू द्या, कारण दोन वेगळ्या कातड्यांवर तोच रंग वेगळा दिसतो.

अवजारं

कापायला धारदार कटर किंवा रापी, मोजायला पट्टी आणि गुण्या, खुणा करायला कर्कटक. शिवणीसाठी चौकटी पात्याची आरी (पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेली), बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिमीचा मेणवलेला पॉलिस्टर किंवा लिननचा दोरा, आणि टाक्यांची खोबण पाडायचं अवजार. घडीसाठी व्ही आकाराची खाच पाडणारी पटाशी.

नक्षीसाठी स्विव्हल नाइफ म्हणजे बोटावर टेकवून फिरवायचा चाकू, आणि चार ठसे: उतार देणारा बेव्हलर, पानाला खोलगटपणा देणारा पेअर शेडर, शिरांचा ठसा आणि जमीन, म्हणजे नक्षीभोवतीची मोकळी जागा, दाबायचा ठसा. पन्नास ठशांचा संच विकत घ्यायची घाई करू नका. या चारांतला बेव्हलर नीट चालवता आला की नक्षीचं तीन चतुर्थांश काम येतं.

ठोकायला लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, साधारण ४५० ग्रॅमची. लोखंडी हातोडीने ठशांची डोकी फुगून चिरफळतात. खाली ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची फरशी हवी, किमान २५ मिमी जाड. लाकडी टेबलावर ठोकलं तर घावातला बराच जोर टेबल गिळतं आणि ठसा उथळ उमटतो. मग नवशिक्या जोर वाढवतो आणि कातडं फाटतं.

एक लाकडी ठोकळाही करून घ्या: १४४ × ९४ मिमी, उंची ६५ मिमी, सगळे कोन काटकोनात. यातली लांबी-रुंदी पेटीच्या आतल्या मापाची आहे. प्लायवूडचे थर चिकटवून केला तरी चालेल, पण खिळे-स्क्रू बाहेर दिसता कामा नयेत. कारण पुढे येईलच.

ओल मुरवणं

नक्षीचं यश जवळजवळ सगळं इथे ठरतं, त्यामुळे या भागाला वेळ द्या.

झाकणाचा २५० × २०० मिमीचा तुकडा घ्या. मापात कापू नका. चहूबाजूंनी वाढीव कातडं ठेवा. आतल्या, तंतूच्या बाजूवर रुंद चिकटपट्टी आडवी आणि वर उभी अशा दोन थरांत घट्ट लावा. ठोकताना कातडं पसरतं ते ही पट्टी बरंचसं रोखते. ओल्या कातड्याला पट्टी चिकटत नाही, म्हणून ती आधी, कोरडं असताना लावायची.

आता दाण्याच्या बाजूने स्वच्छ स्पंज भिजवून सगळ्या तुकड्यावर एकसारखं पाणी द्या. आधी नुसते थेंब पडू देऊ नका. थेंब पडला तिथे गोल डाग राहतो. पाणी शोषलं की दुसरा हात, मग तिसरा. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ८ ते १२ तास ठेवा. या वेळात पाणी वरच्या थरातून आत सारखं पसरतं. घाईत नुसतं वरून ओलं करून ठोकलं तर वरचा थर लगद्यासारखा आणि आतला कोरडा राहतो. ठसा उमटतो, पण कडा धूसर दिसतात.

पिशवीतून काढल्यावर लगेच सुरुवात करू नका. उघड्यावर ठेवा आणि रंग पाहत राहा. ओलं कातडं गडद असतं. ते हळूहळू मूळ रंगाकडे यायला लागतं. रंग जवळपास मूळचा दिसतो पण गालाला लावलं तर थंड लागतं, ती योग्य वेळ. बोटाच्या नखाने कडेला दाबून पाहा: खूण स्पष्ट आणि आजूबाजूपेक्षा थोडी गडद राहिली तर ओल बरोबर आहे. खुणेत पाणी चमकलं तर अजून थांबा. खूण फिकट असेल आणि चाकू अडखळत, करकरत चालत असेल तर कातडं फार सुकलं आहे.

काम दोन-तीन तास चालतं आणि तेवढ्यात कातडं सुकत जातं. बारीक फवाऱ्याने सगळ्या तुकड्यावर हलकं पाणी मारा, नुसतं काम चालू असलेल्या जागीच नव्हे, आणि पाच मिनिटं जाऊ द्या. मध्येच उठायचं झालं तर तुकडा परत पिशवीत. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा असेल तर पिशवी थंड जागी ठेवा. ओलं कातडं उबदार जागी दोन-तीन दिवस बंद राहिलं की बुरशी धरतं.

ओल्या व्हेज-टॅनला लोखंड लागू देऊ नका. टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की काळानिळा डाग पडतो आणि तो तंतूंच्या आत उतरतो. पोलादी पट्टी ओल्या तुकड्यावर विसरणं, चाकू घासलेल्या हातांनी कातडं उचलणं, टेबलावर लोखंडाचा कीस असणं ही नेहमीची कारणं. ठोकळ्यातले खिळे झाकायचे ते याचसाठी. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस कापसाने लावल्यावर पुष्कळ फिका होतो. नंतर ती जागा साध्या पाण्याने पुसा आणि सगळा तुकडा पुन्हा एकसारखा ओलसर करा.

नक्षी

झाकणाचा वरचा भाग १५८ × १०८ मिमी होणार आहे. घडीच्या रेषेपासून १० मिमी आत नक्षी थांबवा, म्हणजे नक्षीला १३८ × ८८ मिमीची चौकट मिळते. घडीच्या जवळ खोल कापलेली रेघ घडी घालताना उघडते.

पहिल्या कामाला एक वेल, पाच-सहा रुंद पानं आणि भोवती एकेरी किनार पुरे. दोन कापांत किमान ३ मिमी अंतर ठेवा, नाहीतर बेव्हलर बसायला जागाच राहत नाही. चित्र पारदर्शक प्लॅस्टिकवर उतरवा. कागद ओल्या कातड्यावर भिजून फाटतो, आणि कार्बनच्या रेघा कातड्यावरून निघत नाहीत. प्लॅस्टिक तुकड्यावर चिकटपट्टीने पक्कं करून गोलसर टोकाच्या लेखणीने रेघा दाबून घ्या. शाई संपलेलं बॉलपेन चालतं.

स्विव्हल नाइफच्या वरच्या खोबणीत तर्जनी, अंगठा आणि मधलं बोट दांडीवर. पातं डाव्या-उजव्या बाजूला न कलता सरळ उभं असू द्या आणि स्वतःकडे ओढा. पातं कललं तर काप कातड्याखाली सरकतो आणि बेव्हलर मारल्यावर ती कड उचलून येते. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे १ मिमी. दोन रेघा एकमेकींना कापू देऊ नका. जिथे मिळायच्या तिथे दुसरी रेघ थोडी अलीकडे उचला. छेदलेल्या रेघांचा कोपरा ठोकताना सुटून येतो. दर काही रेघांनंतर पातं पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामडी पट्ट्यावर चार-पाच वेळा मागे ओढा. कातड्यातली ओल आणि टॅनिन पात्याला चिकटतं आणि धार असूनही ते अडखळतं.

काप झाले की बेव्हलर. त्याची जाड, सरळ कड कापाच्या आत टेकवायची आणि उतार बाहेरच्या बाजूला. पान वर उठून दिसायला हवं, म्हणून पानाच्या बाहेरची बाजू दाबायची. एक पान दुसऱ्याखाली जात असेल तर खालच्या पानाचा भाग दाबा. ठसा हवेत किंचित उचलून, मोगरीचे हलके, सारख्या जोराचे ठोके देत पुढे सरकत जा. दर ठोक्याला ठसा स्वतःच्या रुंदीच्या अर्ध्याहून कमी सरकावा. जास्त सरकला की पायऱ्या दिसतात. पायऱ्या आल्याच तर ओल असतानाच त्याच ओळीवरून उलट दिशेने एक हलका हात फिरवा.

त्यानंतर पेअर शेडरने पानाच्या मधल्या भागाला खोलगटपणा, शिरांच्या ठशाने शिरा, आणि शेवटी जमिनीचा ठसा. जमीन सगळ्यात खोल असावी, पण जोराने नव्हे, दोन फेऱ्यांत. शोभेचे मोकळे काप सर्वात शेवटी. ते खोलपासून सुरू होऊन उथळ होत संपले की नक्षीला जीव येतो. या कापांना धीट हात लागतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर तेच काप अनेकदा मारून घ्या.

नक्षी झालेला तुकडा सपाट फळीवर, सावलीत, किमान २४ तास सुकू द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरने सुकवला तर कातडं आकसतं, काळवंडतं आणि दाणा ठिसूळ होतो. पूर्ण सुकल्यावर मागची चिकटपट्टी सावकाश, कातड्याला समांतर ओढत काढा.

रंग

झाकणाचा तुकडा अजून मापात कापलेला नाही आणि पेटीचा तुकडा अजून सपाट आहे, तेव्हाच रंग. पेटीच्या तुकड्यावर मात्र पुढच्या भागातले काप, भोकं आणि खाचा रंगाआधी करून घ्या. लोकरीच्या बोळ्याने पातळ हात, गोल-गोल फिरवत. दोन ते तीन हात, मध्ये तासाभराचं अंतर. पहिला हात नेहमी चट्टेपट्टे दिसतो. त्याने घाबरून एका जागी जास्त रंग ओतू नका. सुकल्यावर छटा बदलते, म्हणून चाचणी त्याच कातड्याच्या तुकड्यावर. चोवीस तासांनी सुती कापडाने घासा आणि कापडावर रंग येणं थांबेपर्यंत घासत राहा. हे टाळलं तर रंग अस्तराला आणि हातांना लागतो.

नक्षीच्या खोलगट भागात गडद छटा हवी असेल तर आधी पारदर्शक फिनिशचे दोन पातळ हात, ते पूर्ण सुकू द्या, मग अँटिक पेस्ट चोळा आणि मिनिटभरात कोरड्या, न भिजलेल्या कापडाने पुसा. फिनिश न लावता पेस्ट चोळली तर ती उंच भागातही शिरते आणि सगळं झाकण मातकट होतं. तेल द्यायचं असेल तर एकच अगदी पातळ हात. जास्त तेलाने कातडं मऊ पडतं आणि पेटीच्या भिंती ताठ राहत नाहीत.

पेटी कापणं आणि कोपरे

आता पेटी. झाकणाच्या आधी पेटी पूर्ण करायची, कारण झाकणाचं माप तयार पेटीवरून घ्यायचं आहे.

पेटीचा तुकडा रंगवण्याआधीच पुढील काम करून घ्या. १५० × १०० चा तळ मधोमध आखा, चारही बाजूंना ६० मिमीच्या भिंती. आतले चार कोपरे, जिथे दोन भिंती तळाला मिळतात, तिथे आधी दीड मिमीचं भोक पाडा आणि मग त्या भोकापर्यंत कापा. भोक नसेल तर काप चुकून तळात घुसतो. घडी मिटल्यावर हे भोक जवळजवळ दिसत नाही.

भिंतींच्या उभ्या कडांना आतल्या बाजूने ४५ अंशांचा तिरपा काप द्यायचा, म्हणजे कोपऱ्यात दोन्ही भिंती बाहेरून धारेला धार मिळतात. ४५ अंशांत कापलेली लाकडी पट्टी कडेवर धरा, रापीने जास्तीचं तासा आणि उरलेलं १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करा. दाण्याच्या बाजूची धार अगदी शून्यावर नेऊ नका. केसभर जाडी राहू द्या, नाहीतर ती शिवताना चुरगळते. हे काम कोरड्या कातड्यावरच. ओलं कातडं घासलं की तंतू फुलतात.

टाक्यांची रेघ कडेपासून किती आत घ्यायची? कातड्याच्या जाडीइतकीच, म्हणजे ३ मिमी. यामागे साधं भूमितीचं कारण आहे. आरी दाण्यातून ४५ अंशांत जाते आणि तिरप्या कापाला काटकोनात भेदते. रेघ ३ मिमीवर असेल तर आरी तिरप्या कापाच्या अगदी मधोमध निघते. रेघ ५–६ मिमीवर गेली तर आरी आतल्या कोपऱ्यात बाहेर येते. १.५ मिमीवर आली तर टाक्याखाली कातडंच उरत नाही आणि दोरा ओढताच कड फाटते. कातडं दुसऱ्या जाडीचं असेल तर हाच नियम लावा.

रेघेवर ०.५ मिमी खोल खोबण पाडा. ही खोबण फक्त शोभेची नाही: तिच्यात दोरा बसला नाही तर झाकण काढता-घालताना दर वेळी टाक्यांना घासेल. खोबणीत तळाच्या घडीपासून ४ मिमीवर पहिली खूण आणि पुढे दर ४ मिमीला एक. ६० मिमीच्या भिंतीवर १४ भोकं आणि १३ टाके होतात, वर काठाशी ४ मिमी उरतात. खुणा नेहमी तळाकडून मोजा. शेजारच्या दोन भिंतींवर भोकांची संख्या आणि जागा जुळलीच पाहिजे. दातेरी पंचाने तिरप्या खाचा मारायचा मोह इथे टाळा. एका भिंतीवरचा तिरपेपणा दुसऱ्या भिंतीवर आरशातल्यासारखा उलटा लागतो, आणि नवशिक्याचा तिथे हमखास गोंधळ होतो. कर्कटकाचे साधे ठिपके पुरे.

भोकं घडी घालण्याआधी, सपाट असतानाच पाडा. आरी ४५ अंशांत तिरपी धरून, दर भोकाला तिरप्या कापात ती कुठे निघते ते पाहत जा. पहिली सात-आठ भोकं टाकाऊ तुकड्यावर पाडा. मध्यापासून भरकटत असतील तर बहुतेक वेळा आरी बोथट असते. बोथट आरी तंतू कापत नाही, ढकलते, आणि सोपी वाट धरून कुठेही निघते.

आता आतल्या बाजूला घडीच्या चार रेघांवर व्ही आकाराची खाच. खोली १.८ मिमी, म्हणजे खाली १.२ मिमी कातडं राहील. उथळ खाचेने घडी फुगते आणि आतून ढेकूळ येतं. फार खोल खाचेने दाण्यावर आरपार रेघ उमटते आणि पुढे तिथेच चीर जाते. खाच एका दमात न पाडता दोन-तीन हलक्या ओढींत पाडा. नंतर रंग, आणि तो पूर्ण सुकल्यावरच घडी.

घडी घालण्याआधी फक्त खाचांमध्ये, आतल्या बाजूने, ओलं ब्रश फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. कातडं रंगवलेलं नसेल तर मात्र सगळा तुकडाच एकसारखा ओलसर करावा लागतो. नाहीतर घडीजवळ पाण्याची किनार उठते. ठोकळ्याला प्लॅस्टिक गुंडाळून तो तळावर ठेवा, भिंती उभ्या करा, घड्या बाहेरून हाडाच्या किंवा लाकडी गुळगुळीत पट्टीने दाबून धारदार करा. कापडी पट्ट्यांनी बांधून रात्रभर सुकू द्या. दोरीने बांधू नका, तिचे वळ कातड्यावर कायमचे राहतात.

शिवण

या शिवणीची एक सोय अशी की सुई आत येतच नाही. एका भिंतीच्या बाहेरून शिरते, तिरप्या कापातून जाते आणि शेजारच्या भिंतीच्या बाहेरून निघते. त्यामुळे शिवताना ठोकळा आतच राहू द्यायचा. कोपरा हलत नाही आणि ओढ कितीही पडली तरी काटकोन टिकतो.

१. तिरप्या कापांच्या दोन्ही पृष्ठांवर कॉन्टॅक्ट गोंदाचा अगदी पातळ थर लावा. दहा-पंधरा मिनिटांनी तो बोटाला चिकटेनासा झाला की कोपरा वरच्या काठाकडून खाली जुळवत दाबा. गोंद फक्त कोपरा धरून ठेवायला आहे, खरा जोर टाक्यांचा.

२. गोंदामुळे बुजलेली भोकं आरीने एकदा मोकळी करा, आरपार, एका भिंतीकडून दुसरीकडे.

३. एका कोपऱ्याला ६५ सेंटिमीटर दोरा. दोन्ही टोकांना एकेक सुई. सुईत ओवल्यावर टोकाचा दोरा सुईनेच दोनदा टोचून मागे ओढला की सुई सुटत नाही.

४. काठाकडून तिसऱ्या भोकात सुरुवात करा आणि दोरा दोन्ही बाजूंना सारखा करा. दोन टाके काठाकडे घाला, मग वळून तळाकडे. पेटीचा सगळा ताण काठावर येतो, म्हणून तिथे दुहेरी टाके. तेवढ्या दोन टाक्यांपुरती खोबण थोडी जास्त खोल ठेवा.

५. प्रत्येक भोकात आधी डावी सुई, तो दोरा पुरता ओढून आपल्या दिशेला धरा, मग त्याच भोकात उजवी सुई त्याच्या मागून. हा क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच. मध्येच बदलला तर तेवढाच एक टाका वाकडा दिसतो.

६. दुसरी सुई घातल्यावर पहिला दोरा किंचित मागे ओढून पाहा. तो सहज सरकला तर ठीक. अडकला तर सुईने दोरा टोचला आहे. सुई मागे घ्या आणि पुन्हा घाला. टोचलेला दोरा पुढे घट्ट होत नाही.

७. दोन्ही दोरे एकाच वेळी, त्या-त्या भिंतीला समांतर ओढा. दोरा खोबणीत बसला की थांबा. त्यापुढे ओढलं तर पातळ कड आत चिरडते आणि कोपऱ्यावर टाक्याटाक्याला खळगे दिसतात.

८. तळाशी पोचल्यावर दोन टाके उलटे या. पॉलिस्टर दोरा २ मिमी ठेवून कापा आणि टोक जरा वितळवून दाबा. लिननचा असेल तर टोकाला गोंदाचा ठिपका देऊन भोकात सरकवा.

चारही कोपरे झाले की ठोकळा आत असतानाच गुळगुळीत मोगरीने टाके हलके ठोका. टाके चपटे होऊन खोबणीत बसतात.

वरच्या काठाच्या कडा आता एकत्र घासा, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने. चार भिंतींची उंची इथेच सारखी होते. बारीक कड गोलसर करा, बोटाने पाणी लावा आणि लाकडी घोटणीने जोरात, एकाच दिशेने घोटा. कड गरम होऊन चमकायला लागली की मेण लावून पुन्हा घोटा. उभ्या कोपऱ्यांवर हलकाच हात. तिथे फार घासलं तर टाके तुटतात.

झाकण

पेटी शिवून, घोटून, सुकवून झाली की ती मोजा, आखलेल्या मापावर विसंबू नका. मोजलेल्या लांबीत ८ मिमी मिळवा: दोन्ही बाजूंना ३-३ मिमी झाकणाच्या कातड्याचे आणि १-१ मिमी मोकळिकीचा. पेटी नेमकी १५० × १०० आली असेल तर झाकण १५८ × १०८. कातडं दमट हवेत फुगतं, म्हणून मोकळीक १ मिमीपेक्षा कमी ठेवू नका.

नक्षी बरोबर मधोमध येईल असं झाकण आखा, चहूबाजूंना २५ मिमीचा काठ, मग कापा. तिरपे काप, खोबण, खाच, घडी सगळं पेटीसारखंच. काठावर घडीपासून ४.५ मिमीवर पहिलं भोक, ४ मिमी अंतराने एकूण पाच भोकं, चार टाके. घडीसाठी फक्त खाचेतच ओल द्या. नक्षी पुन्हा भिजली तर थोडी सपाट होते. साचा म्हणून खुद्द पेटीच वापरा: ठोकळा आत, पेटीभोवती १ मिमीचा पुठ्ठा आणि त्यावर प्लॅस्टिक. त्या पुठ्ठ्याने मोकळीकही मिळते आणि चुकून खोल गेलेल्या आरीपासून पेटीही वाचते. कोपऱ्यांवर पुठ्ठा दुहेरी करू नका, नाहीतर झाकण चौकोनाऐवजी फुगीर होतं.

झाकण घट्ट बसलं तर काठ आतून ओलसर करून प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पेटीवर चढवा आणि तसंच सुकू द्या. सैल झालं तर काठाला आतून अर्धा मिमी जाडीचं तासलेलं कातडं चिकटवा. त्याने पकड येते.

अस्तर शेवटी. पातळ कातडं किंवा कापड १ मिमीच्या पुठ्ठ्यावर ताणून चिकटवा, असे पाच तुकडे. आधी लांब भिंती, मग आखूड, शेवटी तळ, म्हणजे भिंतींची खालची कड तळाखाली झाकली जाते. प्रत्येक तुकडा आतल्या मापापेक्षा दीड-दोन मिमी कमी, कारण कापड वळवलं की जाडी वाढते. इथे कॉन्टॅक्ट गोंद नको, तो टेकला तिथेच धरतो. पांढऱ्या पीव्हीए गोंदाने तुकडा दोन-तीन मिनिटं सरकवता येतो. ठोकळा प्लॅस्टिकसकट अस्तराच्या आत सहज बसेल इतका बारीक करून तासभर आत ठेवला की अस्तर सपाट बसतं, आणि मग झाकण उघडं ठेवून पेटी एक दिवस वाऱ्यावर राहू द्या, म्हणजे गोंदातली ओल आत कोंडून अस्तराला वास धरत नाही.